प्रेमात पडल्यावर गोळ्या बंद करायच्या का? रोमँटिक कॉमेडी आणि मनाचे आजार

फिलाडेल्फियाच्या उपनगरातलं एक साधंसं खाण्याचं ठिकाण. हॅलोविनची रात्र. तो आणि ती समोरासमोर बसलेत. ती चहा मागवते, तो दुधात घालून खायचं रेझिन ब्रॅन. रात्रीच्या वेळी असला सकाळचा नाश्ता मागवला की ही भेट म्हणजे ‘डेट’ आहे असं कुणाला वाटणार नाही, असा त्याचा हिशोब. आपलं लग्न अजून टिकून आहे असं तो धरून चाललाय. कोर्टाने मात्र त्याला बायकोच्या आसपास फिरकायची बंदी घातलेली आहे. गप्पा बऱ्या चाललेल्या असतात. मग बोलता बोलता तो सुचवून जातो की आपण काही हिच्याइतके बिघडलेलो नाही. ती हाताच्या एका फटक्यात टेबलावरची भांडी खाली लोटते आणि तडक बाहेर पडते.

‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ या २०१२ च्या सिनेमातला हा प्रसंग. तो म्हणजे पॅट (ब्रॅडली कूपर), ती टिफनी (जेनिफर लॉरेन्स). पॅटला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा आजार आहे आणि आठ महिने मनोरुग्णालयात काढून तो नुकताच आईवडिलांच्या घरी परतलाय. टिफनीचा पोलीस नवरा अपघातात गेला, त्यानंतर तिचा तोल सुटला. तिला नेमकं काय झालंय त्याचं नाव सिनेमा कधीच घेत नाही. प्रसंगाला थिएटरात हशा येतो, आणि तो आजाराला येत नाही. माणूस कितीही खचला तरी त्याची उतरंड लावायची खोड जात नाही, त्याला येतो. ‘मी निदान हिच्यासारखी तरी नाही’ हे वाक्य मानसोपचारतज्ज्ञाच्या बाहेरच्या बाकावर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मनात म्हणत असतो.

आता अडचण बघा. रोमँटिक कॉमेडीची वाट ठरलेली असते. भेट, खटके, ओढ, मध्ये एक मोठा गैरसमज, शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी मागे धावतं, आणि पडदा. मनाच्या आजाराला असली वाट नसते. तो येतो, ओसरतो, दोन वर्षं गप्प राहतो आणि ऐन परीक्षेच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतो. या दोन्ही गोष्टी एका सिनेमात कोंबल्या की दोन तासांच्या आत काहीतरी सुटल्यासारखं दाखवावंच लागतं, आणि सोडवायला लेखकाच्या हाताशी प्रेमाखेरीज दुसरं काही नसतं. त्यामुळे कुणी मुद्दाम म्हटलं नाही तरी प्रेक्षक एक समजूत घेऊन घरी जातो: योग्य माणूस भेटला की डोकं ठिकाणावर येतं.

पण याहूनही एक गुंतागुंतीचा भाग आहे, आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. रोमँटिक कॉमेडीतला कुठलाही नायक घ्या, अगदी ठणठणीत. प्रेमात पडल्यावर तो रात्र रात्र झोपत नाही. अखंड बोलतो. ऐपत नसताना अंगठी घेतो. नोकरी सोडून विमानतळाकडे पळत सुटतो. ती नाही म्हणाली तरी तिच्या खिडकीखाली उभा राहतो, कारण तिच्या मनात काय आहे ते तिच्यापेक्षा त्याला जास्त कळतं, अशी त्याची खात्री असते. आपण टाळ्या वाजवतो. आता मानसोपचारतज्ज्ञ ‘मेनिया’ म्हणजे उन्मादाचा झटका ओळखताना काय विचारतात ते पाहा. झोपेची गरज कमी झाली आहे का? बोलणं थांबत नाही का? विचार एकावर एक आदळतात का? स्वतःच्या ताकदीबद्दल अवाच्या सवा कल्पना आहेत का? पैसा वाटेल तसा जातोय का? मागचापुढचा विचार न करता धाडसं चालली आहेत का? दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फरक शोधावा लागतो.

फरक आहे, आणि तो तीन-चार प्रश्नांत कळतो. हे किती दिवस टिकलं? मेनिया म्हणायला ही अवस्था निदान आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ असावी लागते. रुग्णालयात भरती करावं लागलं तर दिवस मोजायची गरज नाही. नेहमीच्या स्वभावापेक्षा हे वेगळं आहे असं घरच्यांना स्पष्ट जाणवतंय का? कामधंदा, नाती, पैसा यांचं खरंखुरं नुकसान होतंय का? आणि झोप नेमकी कशी गेली? प्रेमात पडलेला माणूस तीन तास झोपला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगतो. मेनियातला माणूस तीन तास झोपून पहाटे ताजातवाना उठतो आणि अख्खं स्वयंपाकघर नव्याने लावायला घेतो. डॉक्टरांच्या लेखी हा छोटा फरक फार मोलाचा असतो.

बायपोलर आजारात हे एक टोक झालं. दुसऱ्या टोकाला नैराश्य. किमान दोन आठवडे मन उतरलेलं, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, अपराधीपणा, कधी मरणाचे विचार. बरेच जण या दुसऱ्या टोकावरच जास्त काळ असतात. मधल्या काळात माणूस अगदी आपल्यासारखा, कामावर जाणारा, डबा विसरणारा. ‘सकाळी हसते, संध्याकाळी रडते, बायपोलर आहे’ असं जे सर्रास बोललं जातं त्याचा या आजाराशी संबंध नाही. झटके आठवड्यांचे, महिन्यांचे असतात, तासांचे नसतात.

पॅटकडे परत जाऊ. पहाटे चारला त्याची एक कादंबरी वाचून होते, शेवट दुःखाचा आहे म्हणून तो पुस्तक खिडकीतून बाहेर भिरकावतो आणि आईवडिलांना उठवून लेखकाबद्दल तावातावाने तक्रार करतो. कादंबरी हेमिंग्वेची आहे. प्रसंग भन्नाट विनोदी आहे. शिवाय तो वैद्यकीयदृष्ट्याही चोख आहे: झोप नाही, बोलण्याला लगाम नाही, आणि आपण आत्ता, याच क्षणी सांगितलं पाहिजे अशी घाई. पुढे एका रात्री तो लग्नाची व्हिडिओ कॅसेट शोधत घर उलटंपालटं करतो, झटापटीत आईला कोपर लागतं, बाप अंगावर येतो, शेजारपाजारचे दिवे लागतात, पोलीस दारात. विनोद कुठे संपला आणि भीती कुठे सुरू झाली ते कळत नाही. ज्यांच्या घरात असा झटका येऊन गेलाय त्यांना सिनेमातलं सगळ्यात खरं काय वाटलं असं विचारलं, तर मला वाटतं ते हेच सांगतील, की दहा मिनिटांपूर्वी सगळे हसत होते.

दिग्दर्शक डेव्हिड ओ. रसेल याने हा सिनेमा आपल्या मुलाच्या आजारपणामुळे करावासा वाटला हे उघडपणे सांगितलं आहे. ते पडद्यावर जाणवतं. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग घ्या. मित्राच्या घरी पॅट आणि टिफनीची ओळख होते आणि दोघं कुठल्या गोळीने काय होतं यावर गप्पा मारायला लागतात. लिथियम, सेरोक्वेल, झॅनॅक्स, क्लोनोपिन, ट्रॅझोडोन. यजमान नवरा-बायकोची पंचाईत. या दोघांना मात्र बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपली भाषा बोलणारं भेटलेलं असतं. ‘फ्लर्टिंग’चा इतका अस्सल प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. पॅट सुरुवातीला गोळ्या घेत नाही, तोंडात धरून थुंकतो. त्याचं म्हणणं असं की त्यांनी डोकं जड होतं आणि अंगाला सूज येते. हा काही निव्वळ हट्ट नाही. लिथियमने हात थरथरतात, सारखी तहान लागते. इतर काही औषधांनी वजन वाढतं, सुस्ती येते. शिवाय मेनियाची सुरुवात अनेकांना छान वाटते, कल्पना सुचतात, जग उजळतं. ते औषधाने जातं. म्हणून गोळ्या सोडणं या आजारात नेहमीचं आहे, आणि अचानक सोडल्या की झटका उलटून येण्याचा धोका वाढतो.

लिथियम हा मुळात एक क्षार. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये तो मेनियावर चालतो असं दाखवून दिलं, आणि आजही बायपोलरवर तो पहिल्या फळीतला उपाय आहे. पण त्याची मात्रा फार सांभाळावी लागते. रक्तातलं प्रमाण कमी असेल तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी, सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की लिथियमचं प्रमाण चढतं. आता सिनेमातला पॅट आठवा: घाम यावा म्हणून अंगावर कचऱ्याची काळी पिशवी चढवून तो रोज गल्लीबोळांतून पळतो. लिथियम घेणाऱ्या कुणी हे करू नये. जुलाब झाले, कडक उन्हात दिवसभर राबणं झालं, कडक उपास झाले, तरी डॉक्टरांना विचारलेलं बरं. सिनेमा हे सांगत नाही, सांगावं अशी अपेक्षाही नाही, पण पोस्टरवर हौसेने मिरवता येईल अशी ती पिशवी प्रत्यक्षात महागात पडली असती.

त्या रात्रीच्या राड्यानंतर पॅट औषधं घ्यायला लागतो. सिनेमा त्यावर फार वेळ घालवत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. नंतरच्या तासाभरात तो सावरत जातो, नाचाच्या स्पर्धेची तालीम करतो, आणि प्रेक्षकाला वाटतं की हे नाचाने झालं, टिफनीने झालं. मधल्या काळात त्या गोळ्या आपलं काम करत होत्या हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. नाचाचा, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी उठून अंग हलवण्याचा, एकाच माणसाला रोज भेटण्याचा उपयोग होत नाही असं नाही. बायपोलरमध्ये झोपेची, जेवणाची, माणसांना भेटण्याची वेळ बांधून घ्यायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे. पण ती औषधाच्या जोडीने.

अनुपम खेर यांनी रंगवलेले डॉक्टर पटेल हा आणखी एक घोळ. पहिल्याच भेटीच्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत मुद्दाम स्टीव्ही वंडरचं ‘माय शेरी आमूर’ लावून ठेवतात. हे पॅटच्या लग्नातलं गाणं, आणि बायको परपुरुषासोबत सापडली तेव्हाही घरात हेच वाजत होतं. पॅट चवताळतो, मासिकांचा स्टँड उधळतो. गाणं अजून झोंबतं का ते डॉक्टरांना बघायचं होतं म्हणे. भीती किंवा संताप जागवणाऱ्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायला लावण्याची पद्धत खरी आहे, पण ती आधी समजावून, संमती घेऊन, पायरीपायरीने वापरतात. दारातच सापळा लावून नाही. हेच डॉक्टर पुढे फुटबॉलच्या सामन्याला तोंड रंगवून येतात आणि पॅटच्या घरच्यांसोबत बसतात. लोभस आहेत, यात वाद नाही. पण आपल्या डॉक्टरांनी असं करू नये.

मग प्रेमाचा खरंच काही उपयोग होतो का? याचं उत्तर सिनेमापेक्षा लंडनच्या एका संशोधकाकडे आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज ब्राऊन आणि सहकारी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रमांच्या गंभीर आजाराच्या रुग्णांचं पुढे काय होतं ते पाहत होते. त्यांना विचित्र गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष, भावाबहिणींकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. म्हणजे जवळची माणसं घातक? पुढच्या वर्षांत त्यांनी आणि इतरांनी घरातली बोलणी बारकाईने ऐकली, आणि घोळ जवळिकीत नसून तिच्या सुरात आहे हे दिसलं. सतत टोचून बोलणं, उघड द्वेष, आणि तिसरं, जे आपल्याकडे प्रेमातच मोडतं, ते म्हणजे अति गुंतणं: ‘खाल्लंस का, गोळी घेतलीस का, कुठे चाललास, थांब मी पण येते.’ अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण आणखी वाढत होतं. नंतर हेच नैराश्य आणि बायपोलरमध्येही आढळलं. चंदिगडमध्ये केलेल्या अभ्यासात भारतीय घरांत टोचून बोलणं लंडनच्या मानाने कमी दिसलं, हीही नोंद आहे. ती वाचून आपण फार हुरळून जाऊ नये असं माझं मत. अति गुंतण्यात आपली घरं कुणाला हार जाणारी नाहीत.

पॅटचा बाप (रॉबर्ट डी नीरो) हे सगळं एकट्याने दाखवतो. सट्टा घेतो, मारामारीमुळे स्टेडियममध्ये त्याला बंदी आहे, टीव्हीचे रिमोट ठरल्या जागी नसले तर संघ हरेल असं मानतो, आणि पोराने शेजारी बसून सामना बघावा म्हणून मागे लागतो, कारण पोरगा शुभशकुनी. घरात निदान झालेला रुग्ण एकच आहे. लक्षणं मात्र सगळ्यांत वाटली गेली आहेत. कलाकारांच्या चारही गटांत ऑस्करचं नामांकन मिळवणारा सिनेमा त्याआधी तीसेक वर्षांत झाला नव्हता. पुरस्कार एकट्या लॉरेन्सला मिळाला, तेव्हा ती २२ वर्षांची होती. माझ्या लेखी सिनेमाचा कणा तो बाप आहे.

१९९७ चा ‘ॲज गुड ॲज इट गेट्स’ थोडक्यात उरकतो, कारण त्यात एक चूक आणि एकच फार चांगली गोष्ट आहे. जॅक निकोल्सनने केलेला मेल्विन हा प्रेमकथा लिहून गब्बर झालेला लेखक. त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ आहे. दाराचं कुलूप ठरावीक वेळा फिरवायचं, हात धुताना दरवेळी नवा साबण, फुटपाथच्या फटीवर पाय नाही, हॉटेलात स्वतःचे प्लॅस्टिकचे काटे-चमचे. इथवर ठीक. मंत्रचळात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो आणि तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. ती निरर्थक आहे हे त्याला बहुतेक वेळा कळत असतं, आणि छळ त्यातच असतो. चूक अशी की मेल्विन शेजाऱ्यापाजाऱ्यांना जात-धर्म-लिंगावरून जी घाण बोलतो तीही या आजाराच्या खात्यावर जाते. वाईट तोंड हे मंत्रचळाचं लक्षण नाही. मंत्रचळाची अनेक माणसं उलट आपल्यामुळे कुणाला इजा होईल या धास्तीनेच पोखरलेली असतात.

चांगली गोष्ट ही. वेट्रेस कॅरल त्याला म्हणते, माझं काहीतरी कौतुक कर. तो अडखळत सांगतो की त्याला गोळ्यांचा तिटकारा आहे, पण तिच्याशी एकदा बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या सुरू केल्या. रोमँटिक कॉमेडीच्या इतिहासात गोळीला प्रेमपत्राचा मान इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळाला असेल. प्रेम औषधाच्या जागी आलेलं नाही. प्रेमामुळे औषध पोटात गेलं. शेवटी चालता चालता नकळत त्याचा पाय फटीवर पडतो. मंत्रचळाच्या वर्तनोपचारात हेच जाणूनबुजून करवून घेतात: फटीवर पाय ठेवायचा आणि हात न धुता, काही न मोजता, ती अस्वस्थता आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं.

या सगळ्यांवर कडी केली ती एका टीव्ही मालिकेने. ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ २०१५ ते २०१९ अशी चार पर्वं चालली. रेबेका न्यूयॉर्कमधली यशस्वी वकील. रस्त्यात तिला किशोरवयातला मित्र जॉश भेटतो, तो कॅलिफोर्नियातल्या वेस्ट कोव्हिना नावाच्या गावी परत चाललाय म्हणतो, आणि ती मोठी बढती सोडून त्याच गावात राहायला जाते. कुणी विचारलं तर सांगते, छे, जॉशचा काय संबंध! पहिल्याच भागात ती आपल्या गोळ्या सिंकमध्ये ओतून देते, कारण आता ती आनंदी होणार आहे ना. कुठल्याही रोमँटिक कॉमेडीत ही शुभ सुरुवात ठरली असती. मालिका त्याच साच्यात दीड-दोन पर्वं चालते, गाणी-नाच सगळं, आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की आपण ज्याला ‘किती गोड, त्याच्यासाठी गाव सोडलं’ म्हणत होतो तो आजार आहे.

तिसऱ्या पर्वात रेबेका जीव द्यायचा प्रयत्न करते, वाचते, आणि मग तिला नवं निदान मिळतं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. सोप्या शब्दांत सांगायचं तर मनाला सालच नसल्यासारखं. कुणी सोडून जाईल ही भीती इतकी तीव्र की ती टाळायला माणूस वाटेल ते करतो; समोरचा आज देव, उद्या राक्षस; स्वतः कोण आहोत याचाच पत्ता नाही; रिकामपण; कधी स्वतःला इजा. यावर मुख्य उपाय गोळीचा नसून शिकण्याचा आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी नावाची पद्धत बसवली: भावनेची लाट आली की तिच्यात न वाहता थांबायचं कसं, संताप न करता मागायचं कसं, असले धडे महिनोन्महिने गिरवायचे. याच लिनेहानबाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या.

मालिकेतलं निदानाचं गाणं मला फार आवडतं. रेबेका डॉक्टरांच्या खोलीत बसून आशेने गाते की आता माझ्या त्रासाला नाव मिळणार, माझ्यासारखी माणसं मिळणार. नायक येण्याची वाट बघावी तशी ती निदानाची वाट बघते. मग आजाराबद्दल वाचते आणि हादरते, हेही खरं. शेवटच्या पर्वात नैराश्यावरच्या गोळ्या घेण्यात विशेष काही नाही असं सांगणारं एक झकास नाचगाणं आहे, त्याला एमी पुरस्कार मिळाला. आणि शेवटच्या भागात तीन चांगले पुरुष समोर असताना ती एकालाही निवडत नाही. तिला गाणी लिहायची असतात. काही प्रेक्षक रागावले. मला तो शेवट प्रामाणिक वाटला. स्वतःचा ठावठिकाणा लागल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी राहायला जाण्यात तिने आधीच तीन पर्वं घालवली होती. (जीव देण्याच्या विचारांनी कुणाला ग्रासलं असेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.)

आपल्याकडे काय? हिंदीत प्रेमाने वेड बरं करण्याची परंपरा जुनी आहे, पण तिची सगळ्यात कडक झाडाझडतीही तिथेच झाली. १९६९ च्या ‘खामोशी’त वहिदा रेहमानची नर्स राधा डॉक्टरच्या सांगण्यावरून रुग्णावर प्रेमाचं नाटक करते, तो बरा होऊन निघून जातो, दुसऱ्याच्या वेळीही तिला तेच करायला लावतात, आणि शेवटी ती स्वतःच त्या खोलीत बंद होते. प्रेम औषध असेल तर त्याचा डोस देणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी विचारून झालाय.

गोव्यात घडणारा ‘डिअर जिंदगी’ (२०१६) ही काही रूढ प्रेमकथा नव्हे, पण तिने एक गोष्ट नीट दाखवली. कायरा (आलिया भट) आपल्या थेरपिस्टच्या प्रेमात पडते. हे असं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न टोकता तासभर ऐकून घेतं तेव्हा जुन्या सगळ्या नात्यांची ओढ त्या माणसाकडे वळते. डॉक्टर (शाहरुख खान) हळुवारपणे, पण स्पष्ट नकार देतो आणि उपचार संपवतो. साक्षात शाहरुखने नायिकेला नाही म्हणायचं, याला धाडस लागतं. समुद्रकिनाऱ्यावर हुंदडत केलेल्या त्या सेशन्स मात्र सिनेमातच ठेवाव्यात. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया आणि ‘कासव’मध्ये नैराश्य फार समजुतीने हाताळलं, ‘कासव’ला सुवर्णकमळही मिळालं. पण ते बहिणीचे, अनोळखी मायेचे सिनेमे आहेत. आजारी माणसाने कुणाला तरी लाजतबुजत कॉफीला बोलवावं, असा हलकाफुलका मराठी सिनेमा माझ्या पाहण्यात नाही.

त्याचं कारण कदाचित असं की आपल्याकडची ‘प्रेमाने बरा होईल’ ही कथा पडद्यावर नसून घराघरांत चालते. तिचं वाक्य आहे: ‘लग्न लावून द्या, म्हणजे येईल ताळ्यावर.’ मुलाची फाइल कपाटात जाते, पत्रिका बाहेर येते. मुलीच्या गोळ्यांवरची पाकिटं फाडून त्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरल्या जातात. सासरी नव्या घरात गोळी घ्यायची चोरी, म्हणून ती बंद. पुढे काय होतं ते डॉक्टरांच्या तोंडून अनेकदा ऐकायला मिळतं.

कायदा याबाबत लोकांना वाटतो तितका निष्ठुर नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार ‘अशा प्रकारचा किंवा इतका’ असावा लागतो की माणूस लग्नाला आणि अपत्याला अपात्र ठरेल. नुसतं निदान पुरत नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: स्किझोफ्रेनियाचा शिक्का म्हणजे सगळं संपलं असं नाही, तीव्रता किती ते पाहायला हवं. उलट महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. म्हणजे सांगून केलेलं लग्न जास्त सुरक्षित, लपवून केलेलं कमी.

सांगायचं कधी? पहिल्या चहा-पोह्यांना नाही, आणि साखरपुड्यानंतरही नाही. दोघांना एकमेकांत रस आहे हे कळल्यावर, पण आमंत्रणं छापण्याआधी. दोघांनी मिळून एकदा डॉक्टरांना भेटलं तर अर्धं काम होतं. मूल हवं असेल तर तेही तेव्हाच काढावं: व्हॅल्प्रोएट हे मेनियावरचं नेहमीचं औषध गर्भाच्या मेंदू-मणक्याला घातक ठरू शकतं, त्यामुळे ते बदलायचं नियोजन दिवस राहण्याआधीच करावं लागतं, आणि बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपावं लागतं.

आणि लग्नाचा तो आठवडा! मेनिया पेटायला जागरणासारखी ठिणगी नाही, आणि आपली लग्नं जागरणावरच उभी असतात. तेव्हा नवरा किंवा नवरी बायपोलरच्या उपचारांवर असेल तर मेंदी दुपारी, संगीत रात्री नऊला बंद, पहाटेचा मुहूर्त न घेता दुपारचा घ्यायचा, जागरण-गोंधळ पंधरा दिवसांनी घातला तरी खंडोबा काही रागावत नाही, आणि रात्रीची गोळी घेण्याच्या वेळी एखाद्या मावशीने ‘अगं, आज तरी नको’ म्हटलं तर तिला बाजूला घेऊन जायची जबाबदारी आधीच कुणाकडे तरी देऊन ठेवायची. करवलीकडे दिली तर उत्तम.